श्रोता झोपला पाहिजे

मैफलीत समोरचा माणूस पेंगायला लागला की गाणाऱ्याचा चेहरा उतरतो. कवितावाचनात कुणी जांभई दिली तर कवी पुढची कविता गाळतो. अंगाईचं मात्र उलटं असतं. श्रोत्याने सगळं गाणं टक्क डोळ्यांनी ऐकलं तर ते फसलं. चांगल्या अंगाईचं शेवटचं कडवं कुणाच्या कानावर पडतच नाही. या एका अटीमुळे अंगाईला इतर गाण्यांचे नियम लावता येत नाहीत. चाल सुंदर आहे, शब्द हळवे आहेत, आवाज गोड आहे, हे सगळं खरं असूनही ती अंगाई म्हणून वाईट असू शकते.

यूट्यूबवर 'अंगाई' एवढंच टाकून बघा. काय येतं? जुनी चित्रपटगीतं, डोळे मिचकावणाऱ्या कार्टून चंद्राची गाणी, बारशाचे पाळणे, बासरी, 'आठ तास अखंड', पावसाचा आवाज, पंख्याचा आवाज. हे सगळं एकाच खोक्यात टाकलेलं असतं आणि रात्री नऊ वाजता, कडेवर मूल घेऊन, एका हाताच्या अंगठ्याने त्यातून निवड करायची असते. निवडणाऱ्याला सल्ला देणारे पुष्कळ आहेत. पण या गाण्यांकडे गाणी म्हणून, म्हणजे ती काय म्हणतात, कुणाला म्हणतात आणि काय करतात, असं बघणारं फार वाचायला मिळत नाही. तेवढंच इथे करायचं आहे.

आधी एक गल्लत दूर करू. पाळणा म्हणजे अंगाई नव्हे. पाळणा हा बारशाला म्हणायचा प्रकार आहे. दिवसाढवळ्या, दहा-वीस बायकांनी मिळून, घुगऱ्यांच्या वाटपाआधी, हल्ली तर माइकवरसुद्धा. पहिल्या दिवशी काय झालं, दुसऱ्या दिवशी काय झालं अशी मोजणी करत तो पुढे सरकतो. रामाचा पाळणा असतो, कृष्णाचा असतो, शिवरायांचा असतो, बाबासाहेबांचाही असतो. त्याचं काम नव्या जिवाला गोतात घेणं, त्याच्या कानात एक मोठं नाव टाकणं. त्यात 'जो जो' येतं म्हणून तो झोपेचा होत नाही. बारशाच्या पाळण्यात मूल झोपलेलं असलं तर उलट कुणीतरी आत्या त्याला हलवून जागं करते.

आता आपल्या सगळ्यांच्या लाडक्या गाण्याकडे येऊ. 'निंबोणीच्या झाडामागे'. चित्रपट 'बाळा गाऊ कशी अंगाई', साल १९७७. शब्द मधुसूदन कालेलकरांचे, संगीत एन. दत्तांचं, आवाज सुमन कल्याणपूरांचा. मराठी घरांत अंगाई म्हटलं की हेच पहिलं आठवतं. मी ओळखीच्या ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांना पहिलं कडवं पाठ होतं. गोठा, घरटं, वेल, सगळं झोपलेलं, तू एकटाच जागा. इथवर हे जगातल्या कुठल्याही अंगाईसारखं आहे. गोविंदाग्रजांच्या शिवरायांसाठीच्या अंगाईतही आई असंच सगळा मुलूख झोपल्याचं मुलाला सांगते. झोपलेल्यांची यादी करणं ही अंगाईची जुनी युक्ती आहे.

पण गाणं तिथे थांबत नाही. पुढच्या कडव्यात देवकी आणि यशोदा येतात, आणि गाणारी बाई स्वतःला यशोदेच्या बाजूला उभं करते. म्हणजे हे मूल तिच्या पोटचं नाही. त्यापुढच्या कडव्यात पाळणा रिकामा झालेला आहे. तिच्या हातात नुसती दोरी उरली आहे, गळा भरून आला आहे आणि अंगाई गायची तरी कशी असा प्रश्न तिला पडला आहे. चित्रपटाचं नावच तो प्रश्न आहे. आपण जे गाणं झोपेचं गोड गाणं म्हणून प्लेलिस्टमध्ये सगळ्यात वर ठेवतो, ते मूल गमावलेल्या बाईचं गाणं आहे. अंगाई तिथे पोचेपर्यंत अंगाई राहिलेलीच नाही.

हे कळल्यावर ते गाणं लावू नये का? माझ्या मते खुशाल लावावं. मुलाला देवकी-यशोदा कळत नाहीत. शिवाय हा दुखरेपणा कालेलकरांनी बाहेरून आणलेला नाही, तो या प्रकारातच आहे. स्पॅनिश कवी फेदेरिको गार्सिया लोर्काने १९२८ साली माद्रिदमध्ये अंगाईगीतांवर एक व्याख्यान दिलं होतं. आपल्या देशात मुलांच्या पहिल्या झोपेसाठी सगळ्यात उदास चाली आणि सगळ्यात उदास शब्द का वापरतात, असा त्याचा प्रश्न होता. त्याचं उत्तर साधं होतं. ही गाणी गरीब बायकांनी तयार केली, ज्यांना मूल हे सुखाइतकंच ओझंही होतं, आणि थकवा त्या गाण्यात उतरला. अंगाईचे शब्द गाणाऱ्यासाठी असतात. मुलाच्या वाट्याला आवाज येतो.

याचा दुसरा पुरावा अगदी अनपेक्षित ठिकाणी मिळतो. बॅटरीवर फिरणारं चिमणाळं पाळण्यावर टांगतात, त्यातून बहुधा एकच टिंगटिंग चाल वाजत असते. ती ब्राम्सची आहे, १८६८ सालची. बेर्टा फाबर नावाच्या मैत्रिणीला दुसरा मुलगा झाला तेव्हा त्याने ही अंगाई तिला पाठवली. पण बेर्टा तरुणपणी त्याला एक व्हिएन्नी गाणं म्हणून दाखवायची, त्या गाण्याची चाल त्याने अंगाईच्या साथीत लपवून ठेवली. वरवर बाळासाठी आणि आतून बाळाच्या आईसाठी. आज ती चाल एका प्लॅस्टिकच्या डबीतून जगभरातल्या मुलांना ऐकू येते आणि ती साथ, ज्यात सगळी गंमत होती, डबीत घेतलेलीच नाही.

मग मुलाला नेमकं काय पोचतं? २०२० साली 'नेचर ह्यूमन बिहेविअर'मध्ये हार्वर्डच्या संशोधकांचा एक अभ्यास आला. १४४ तान्ह्या मुलांना त्यांनी वेगवेगळ्या समाजांतली, मुलांनी कधीच न ऐकलेल्या भाषांतली गाणी ऐकवली. काही अंगाया, काही दुसरीच गाणी. अंगायांच्या वेळी मुलांच्या हृदयाचे ठोके जास्त मंदावले. भाषा परकी, गाणारा परका, तरी. 'मुलाला मराठीच अंगाई ऐकवा, नाहीतर संस्कार बुडतील' असं म्हणणाऱ्यांची यात पंचाईत होते. तान्ह्या मुलाला मराठीची गरज नाही. मराठीची गरज गाणाऱ्याला आहे, कारण अर्धवट झोपेत, दिवसभराच्या कामानंतर, माणूस आपल्याच भाषेत गुणगुणू शकतो.

या अभ्यासात वापरली ती रेकॉर्ड केलेली गाणी होती, हेही सांगायला हवं, कारण माझं पुढचं म्हणणं रेकॉर्डिंगच्या विरोधात जाणार आहे. रेकॉर्डिंगने मूल शांत होतं. प्रश्न शांत होण्यापासून झोपेपर्यंतच्या वाटेचा आहे.

मी सॉफ्टवेअरवाला, पण इंजिनिअरिंगला कंट्रोल सिस्टिम्स नावाचा एक पेपर होता आणि त्यातलं एक चित्र डोक्यात पक्कं बसलं आहे. ओपन लूप आणि क्लोज्ड लूप. शेतातली मोटर टायमरवर लावली तर ती ठरलेला वेळ चालते, टाकी भरली का सांडली याच्याशी तिला देणंघेणं नसतं. हा ओपन लूप. टाकीत फ्लोट बसवला की पाणी वर आल्यावर मोटर बंद होते. हा क्लोज्ड लूप. प्लेलिस्ट पहिल्या प्रकारची आहे. गाणारं माणूस दुसऱ्या. झोपवणारी बाई गाता गाता पापण्या बघत असते. मूल चुळबुळलं तर ती मागच्या ओळीवर जाते. श्वास लांबला की ती शब्द सोडून देते आणि नुसता हुंकार ठेवते. हुंकारही हळूहळू विरळ करते. आणि मूल झोपल्यावर लगेच थांबत नाही, कारण एकदम शांतता झाली की मूल दचकतं, हे ती कुठल्या अभ्यासातून शिकलेली नसते. थापटणारा हात गाण्याच्याही नंतर दोन मिनिटं चालू राहतो.

आता याच्याशी रेकॉर्ड केलेलं गाणं ताडून बघा. सुरुवातीला वाद्यांचा तुकडा, मग मुखडा, मध्ये पुन्हा वाद्यं, कडवं, शेवटी समेवर ठसठशीत समाप्ती. मग सेकंदभर शांतता आणि लगेच पुढच्या गाण्याचा संतूर. पैसे भरलेले नसतील तर मध्ये सिमेंटची नाहीतर मसाल्याची जाहिरात, तीही चढ्या आवाजात. मूल ज्या क्षणी निसटत असतं, नेमक्या त्या क्षणी गाणं काहीतरी करतं, कारण गाणं म्हणून त्याला तिथे काहीतरी करणं भाग असतं. 'नीज माझ्या नंदलाला' घ्या. पाडगावकर, खळे आणि लता मंगेशकर. मला ते मराठीतल्या सर्वांत सुंदर भावगीतांपैकी एक वाटतं. पण खळ्यांची चाल जागं राहून ऐकायची आहे. ती कुठे वळते, कुठे थांबते, हे कान टवकारून ऐकावंसं वाटतं. थकलेल्या बापाला ती गाता येत नाही आणि जाग्या बापाला ती झोपू देत नाही. हा तिचा दोष नव्हे. ती अंगाईवरची कविता आहे.

आठ तासांच्या व्हिडिओंनी समाप्तीचा प्रश्न सोडवला, पण न थांबून. घरातली कुठलीच आजी आठ तास गात नाही. २०१४ साली 'पीडिअ‍ॅट्रिक्स'मध्ये टोरांटोच्या डॉक्टरांनी बाळांसाठीच्या १४ आवाज-यंत्रांची मोजणी प्रसिद्ध केली. पूर्ण आवाजावर, एक मीटरवरून ती सगळी ५० डेसिबलच्या वर गेली. ही रुग्णालयातल्या बाळांच्या खोलीसाठी सांगितलेली मर्यादा आहे. तीन यंत्रं तर ३० सेंटिमीटरवरून ८५ च्या पुढे होती. म्हणून लावायचंच असेल तर फोन उशाशी नको, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, आवाज बोलण्यापेक्षा कमी ठेवा, स्क्रीन पालथी घाला, आणि वीस-पंचवीस मिनिटांचा टायमर लावा. वाद्यं जितकी कमी तितकं बरं. नुसता तानपुरा चालतो. सल्ल्याचा भाग एवढाच, पुढे जाऊ.

कारण आवाज कमी हा सगळा उलगडा नाही, हे बारामती-इंदापूरच्या माणसाला आषाढात दिसतं. तुकोबांची पालखी बारामतीवरून सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते. टाळ-मृदंगाच्या अगदी मधोमध कुणाच्या तरी खांद्यावर मूल मान टाकून गाढ झोपलेलं असतं. गावच्या सप्ताहातही तेच, पखवाज कडाडतो आणि पोरं सतरंजीवर आडवी. तिथे झोपवतो तो खांदा. पायांचा ठेका ठरलेला, छातीतून येणारा गाणाऱ्याचा आवाज कानाआधी अंगाला लागतो. हे कुठल्याही स्पीकरमध्ये भरता येत नाही.

जात्याचंही असंच होतं. पहाटे आई दळायला बसायची, मूल तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचं. जात्याची एकसुरी घरघर, फिरणाऱ्या हाताबरोबर हलणारी मांडी आणि वर ओवी. आजच्या व्हाइट नॉइज यंत्रात यातला एक तृतीयांश भाग आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि २०१७ पासून 'परी' या संकेतस्थळावर त्या ध्वनिफितींसह येत गेल्या. आपल्या इंदापूर तालुक्यातल्या बायकांचे आवाजही त्यात आहेत. त्या ऐकताना एक गोष्ट लक्षात येते. बाळाच्या ओव्या सुट्या राहत नाहीत. दोन ओव्या बाळाच्या झाल्या की तिसरीत माहेर येतं, चौथीत भाऊ, मग पाऊस, मग विठ्ठल, मग सासू. बाळ झोपलं असावं आणि बाई स्वतःशी बोलायला लागली असावी, असा तो प्रवास आहे.

ओवीला हे जमतं ते तिच्या बांधणीमुळे. ज्या बारामतीत कऱ्हेकाठी मोरोपंतांनी आयुष्य काढलं आणि १७९४ साली देह ठेवला, त्या गावात हे सांगायला जरा भीती वाटते. पण आर्येने मूल झोपणार नाही. आर्या मात्रा मोजते. बारा म्हणजे बारा, अठरा म्हणजे अठरा, चुकलं की कीर्तनकाराच्याही लक्षात येतं. पंतांनी स्वतः बायकांना म्हणता यावीत म्हणून 'सीतागीत', 'सावित्रीगीत' अशी रचना केली, म्हणजे घरात वेगळं काहीतरी लागतं हे त्यांना ठाऊक होतं. बायकांच्या ओवीत अक्षरं कमी पडली तर स्वर ताणायचा, जास्त झाली तर गिळायची. पेंगुळलेल्या माणसाला ती पेलते. मध्येच कढी उतू गेली तर उठून, परत येऊन, त्याच जागी बसता येतं. इंजिनिअरच्या भाषेत ओवीचा टॉलरन्स मोठा आहे.

म्हणून काही 'जुनं ते सोनं' ठरत नाही. जातं ओढून कंबर मोडते, गिरणी आली हे फार चांगलं झालं. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांच्या हद्दीत हंगामात आजही बांधावर झाडाला साडीची झोळी दिसते, आत ऊसतोड बाईचं तान्हं असतं. उसाच्या ट्रॉल्या रात्रभर मोठ्याने गाणी लावून जातात आणि ते त्यातच झोपतं. त्यात काव्य शोधायचं काम मी करणार नाही. दिवसभर मोळ्या बांधून आलेल्या बाईने मुलासमोर मोबाइल धरला तर तिला डेसिबल सांगायला कुणी जाऊ नये. अंगाई गायला गाणारा रात्री नऊ वाजता घरात आणि थोडा तरी शिल्लक असावा लागतो. बोरकरांच्या किंवा पाडगावकरांच्या पुस्तकात ही अट लिहिलेली नसते.

आमच्या घरात ती अट रोज तपासली जाते. मुलगी अकरा महिन्यांची आहे. ती, तिची आई आणि माझी आई बारामतीत, मी आठवड्यातले चार दिवस हिंजवडीत. बायकोची एमआयडीसीत दुसरी पाळी असली की ती रात्री साडेअकराला पोचते. माझा अमेरिकेचा कॉल साडेआठला सुरू होतो. मुलीची झोपेची वेळ तीच. मधल्या दहा मिनिटांत मी व्हिडिओ कॉलवर गातो. त्यातली तांत्रिक गंमत सांगण्यासारखी आहे. ही अ‍ॅप्स बोलणं ठेवून गोंगाट काढून टाकायला शिकवलेली असतात. शब्द असतात तोवर माझा आवाज तिकडे जातो. शब्द सोडून मी हुंकार सुरू केला की अ‍ॅप त्याला पंख्याच्या आवाजात जमा करतं आणि गाळून टाकतं. अंगाईतला जो भाग झोपवतो, नेमका तेवढाच पोचत नाही. सेटिंगमध्ये 'मूळ आवाज' असा पर्याय काही अ‍ॅपमध्ये असतो, तो संगीत शिकवणाऱ्यांसाठी आहे. तो चालू केला की हुंकार पोचतो, सोबत माझ्या खोलीतल्या तीन रूममेट्सचं जेवणही पोचतं. आणि पापण्या मला दिसतात त्या अर्धा सेकंद जुन्या.

त्यामुळे झोपवण्याचं काम शेवटी आईकडेच आहे. ती इंदापूर तालुक्यातली, तिच्या आईकडून आलेल्या ओव्या तिला येतात, किती ते तिलाही सांगता येत नाही, कारण बसून आठवायला लागली की चारच आठवतात आणि मांडीवर मूल आलं की संपत नाहीत. माझ्या बहिणीचं म्हणणं, त्या नीट रेकॉर्ड करून ठेव, म्हणजे आई दमली की लावता येतील. रेकॉर्ड मी करतो आहे. माझ्यासाठी, मुलगी मोठी झाल्यावर तिच्यासाठी, शब्दांसाठी. पण झोपवायला ती फाइल लावायची नाही असं आमचं ठरलं आहे. आई दमली की तानपुरा लागतो. ज्या आवाजाने थांबायचं कधी हे मुलीकडे बघून ठरवलं, तो आवाज तिच्याकडे न बघता पुढे चालत राहिलेला मला चालणार नाही. याला भावुकपणा म्हणा. बहीण म्हणतेच.

रेकॉर्डिंगमुळे एक मात्र कळलं. गेल्या दिवाळीतली आणि या महिन्यातली, एकाच ओवीच्या दोन फिती माझ्याकडे आहेत. आधीच्या फितीत बाळाचा बाप पंढरपूरला गेलेला आहे, जसा तो तिच्या आईच्या ओवीतही गेलेला असणार. नव्या फितीत तो हिंजवडीला गेला आहे. पंढरपूरची पाच अक्षरं, हिंजवडीची चार. आई शेवटची 'डी' ताणते आणि भरून काढते.